कलांचोला दुसऱ्या वर्षी फुलं हवीत? मग गॅलरीतला दिवा बंद करा

जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं फुलांचं प्रदर्शन बघून बाहेर पडणाऱ्या लोकांच्या हातातल्या पिशव्या बघा कधीतरी. वीतभर उंचीचं झाड, जाड चकचकीत पानं, पानांच्या कडा जराशा कातरल्यासारख्या, आणि वर लाल, केशरी, पिवळ्या नाहीतर राणी कलरच्या बारीक फुलांचा गच्च झुपका. तो कलांचो. कोणी कलंचो म्हणतं, आमच्या इथला नर्सरीवाला कालांजू म्हणतो, कसंही म्हटलंत तरी तो तेच झाड काढून देतो.

मग एप्रिल उजाडतो, झुपका वाळून चॉकलेटी होतो आणि ते झाड आधी जिन्यात, मग गच्चीवर, मग कचऱ्यात. मी पण पहिलं झाड असंच टाकलं, खोटं कशाला बोलू. ८० रुपयांचं झाड, तीन महिने फुललं, पैसे वसूल झाले, पुढच्या वर्षी नवीन आणू, असंच बहुतेक जण करतात आणि नर्सरीवाला काही तुम्हाला थांबवणार नाही. पण हे झाड हंगामी नाहीये हो. पिटुनिया किंवा झेंडूसारखं फुललं आणि संपलं असं त्याचं नसतं, नीट ठेवलं तर काही वर्षं आरामात जगतं, फक्त दुसऱ्या वर्षी फुलं यायला त्याला जी एक गोष्ट लागते ती आपल्या फ्लॅटमध्ये मिळणं सगळ्यात अवघड, ती म्हणजे अंधार. त्याच्यावर पुढे भरपूर बोलणार आहे, आधी झाड जगवायचं कसं ते बघू, कारण जगलंच नाही तर अंधार कोणाला देणार.

थोडी ओळख करून देते. मूळ गाव मादागास्कर, आफ्रिकेच्या बाजूचं ते मोठं बेट. तिथून ते युरोपात गेलं आणि १९३२ साली रॉबर्ट ब्लॉसफेल्ड नावाच्या जर्मन माणसाने पोट्सडॅममध्ये ते बाजारात आणलं, म्हणून शास्त्रीय नावात ब्लॉसफेल्डियाना आहे. आता जे एवढे रंग मिळतात ते सगळे नंतरच्या संकराचे. साध्या जातीच्या फुलाला चारच पाकळ्या असतात, आणि जी अगदी चिमुकल्या गुलाबासारखी भरगच्च दिसतात ती कॅलांडिवा म्हणून विकतात, थोडी महाग असतात, सांभाळायची पद्धत तीच. आणि आपल्याकडची पानफुटी माहितीये ना, शाळेत जीवशास्त्राच्या पुस्तकात जिच्या पानाच्या कडेला पिल्लं फुटतात, ती याची सख्खी चुलत बहीण. ही बहीण लक्षात ठेवा, शेवटी तिचं काम आहे.

विकत घेताना

सगळी फुलं उमललेलं झाड घेऊ नका. फोटोला छान दिसतं पण त्याचे निम्मे दिवस नर्सरीतच गेलेले असतात. ज्याच्या झुपक्यात दोन-चार फुलं उघडलीत (म्हणजे रंग कळतो) आणि बाकी कळ्या आहेत ते घ्या. झुपका जरा बाजूला करून खाली पानांच्या बेचक्यात बघा, पांढरा कापूस दिसला की ठेवून द्या खाली, तो मिलीबग नावाचा किडा आहे. खोडाला मातीजवळ हलकं दाबून बघा, कडक लागलं पाहिजे. आणि पान अंगठा आणि बोटाच्या मधे धरून किंचित दाबायचं, ताज्या काकडीच्या फोडीसारखं टणक लागलं तर झाड ठणठणीत, पिचपिचीत लागलं तर त्याला पाणी जास्त झालंय. ही सवय लावून घ्या, पुढे पाणी कधी घालायचं हे पण याच बोटांनी कळणार आहे.

उरुळी कांचनच्या बाजूला सोलापूर रोडवर ज्या लाइनीने नर्सऱ्या आहेत तिथे थेट गेलात तर रंग खूप बघायला मिळतात, पण गाडीत आणताना झाकून आणा, खिडकीच्या वाऱ्याने याचे दांडे काटकन मोडतात. माझे मोडलेत. रस भरलेली खोडं असतात ना, वाकत नाहीत, तुटतात.

माती

इथे सगळ्यात जास्त झाडं मरतात. नर्सरीतून येतं तेव्हा ते एकतर नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) असतं किंवा चिकट लाल मातीच्या गोळ्यात. कोकोपीट एकदा ओलं झालं की आठवडाभर ओलंच राहतं आणि एकदा पूर्ण वाळलं की वरून पाणी घातलं तरी कडेकडेने वाहून जातं, आत थेंब जात नाही. लाल मातीचा गोळा वाळला की वीट होते. दोन्ही वाईट. पण फुलांवर असताना लगेच कुंडी बदलू नका, धक्क्याने कळ्या गळतात. फुलं संपू द्या, मार्चमध्ये बदला.

मी जे वापरते ते असं: दोन भाग साधी बागेची लाल माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, एक भाग गांडूळखत, आणि मूठभर भाताचं तूस किंवा कोळशाचे बारीक तुकडे. परलाइट (पांढरे, हलके खडे) मिळत असेल तर वाळूऐवजी घाला, कुंडी हलकी होते, ग्रिलमध्ये ठेवणाऱ्यांना बरं. वाळू बांधकामाच्या ढिगातून आणली तरी चालेल पण दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, त्यातली माती आणि भुकटी गेली पाहिजे. समुद्रावरची वाळू नको, मीठ असतं. आणि काळी माती अजिबात नको, शेताला कितीही भारी असली तरी कुंडीत ती पाणी धरून बसते आणि याची मुळं कुजतात.

माती बरोबर जमली का ते बघायला एक मूठ ओली करून दाबायची आणि हात उघडायचा. लाडू टिकला तर अजून वाळू घाला, बोट लावल्यावर भुसकन फुटला तर झालं काम.

कुंडी लहान घ्या. चार इंचातून पाच इंचात, फार तर सहा. मोठ्या कुंडीत टाकलं की झाड मोठं होईल हा आपला गैरसमज, मोठ्या कुंडीत जास्तीची माती ओली राहते एवढंच होतं. मातीची कुंडी असेल तर उत्तम, ती स्वतः घाम गाळते. प्लॅस्टिकची असेल तर बुडाला भोकं आहेत का बघा, नसतील तर खिळा तापवून चार पाडा, भोकावर खापरीचा तुकडा ठेवा. चिनी मातीच्या त्या सुंदर कुंड्या येतात ना बिनभोकाच्या, त्यात झाड लावायचं नाही, लावलेली कुंडी त्यात नुसती बसवायची आणि पाणी घालताना बाहेर काढायची.

पाणी

"आठवड्यातून किती वेळा" हा प्रश्नच चुकीचाय. पुण्यातल्या डिसेंबरमध्ये माझ्या झाडाला सहा-सात दिवस पाणी लागत नाही, एप्रिलमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी लागतं, जुलैमध्ये कधी कधी पंधरा दिवस विसरले तरी काही बिघडत नाही. तेच मुंबईत समुद्राकडे तोंड असलेल्या खिडकीत वेगळं आणि नागपूरच्या मे महिन्यात अजून वेगळं. म्हणून ऊदबत्तीची काडी घ्या, वापरून झालेली, ती कुंडीत दोन इंच खुपसा आणि काढा. माती चिकटून आली तर थांबा, कोरडी आली तर घाला. आणि घालायचं तर नीट घाला, खालच्या भोकातून वाहेपर्यंत, अर्धा कप रोज वरून शिंपडायची पद्धत बंद करा, त्याने वरची माती ओली आणि खालची मुळं तहानलेली असं होतं. बशीत साठलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका.

आता बोटांची गोष्ट. पान पातळ झालंय, जरा सुरकुतलंय, पण रंग ठीक आहे, तर तहान लागलीये. पाणी घातलं की एक-दोन दिवसात फुगतं. पान पिवळट, पाणीदार, हात लावला की गळून पडतं, तर पाणी जास्त झालंय. गोंधळ असा होतो की जास्त पाण्याने मुळं कुजली की झाडाला पाणी ओढताच येत नाही, मग ते पण मान टाकतं, आणि आपण "अरे सुकलं वाटतं" म्हणून अजून एक तांब्या ओततो. संपलं. कलांचोच्या पानात साठा असतो, शिवाय या कुटुंबातली झाडं पानांची छिद्रं दिवसाच्या उन्हात मिटून रात्री उघडतात म्हणून पाणी कमी उडतं, त्यामुळे शंका असेल तर घालू नका. उपाशी राहून हे झाड सहसा मरत नाही, अतिलाडाने मरतं.

ऊन म्हणाल तर सकाळचं चार-पाच तास मिळालं की खूप झालं. पूर्वेची गॅलरी बेस्ट. थंडीत दिवसभर उन्हात ठेवलंत तरी चालतं, पानांच्या कडा लालसर होतात, घाबरू नका, छान दिसतात उलट. मार्च अखेरीपासून दुपारचं ऊन टाळा, हिरवी नेट लावा किंवा मोठ्या झाडाच्या मागे सरकवा, नाहीतर पानांवर खाकी डाग पडतात आणि ते डाग जात नाहीत. विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी एप्रिल-मे सरळ सावलीत काढावा. आणि हॉलमधे टीव्हीजवळ शोभेला ठेवलेलं झाड लांबुळकं होतं, दोन पानांमधलं अंतर वाढतं, उजेडाकडे मान लांबवून बघत बसतं बिचारं. पाहुणे येणार असतील तेव्हा दोन दिवस आत आणा, मग परत बाहेर.

फुलं संपली की

एकेक झुपका वाळायला लागला की तो लगेच कापायचा, सगळी फुलं वाळायची वाट बघायची नाही. दांडा खाली जिथे पहिली चांगली पानांची जोडी लागते तिच्या वर कापा. नुसती वाळकी फुलं खुडून दांडा तसाच ठेवू नका. दांड्यासकट कापलं तर बऱ्याचदा बगलेतून अजून एक छोटा झुपका निघतो आणि मार्च अखेरपर्यंत रंग पुरतो.

मग मोठी छाटणी. सगळं फुलणं संपल्यावर झाड अर्ध्यावर आणायचं. हो, अर्ध्यावर. माझा पहिल्यांदा हात उचलत नव्हता, पण छाटलं नाही तर खालून टक्कल आणि वर चार पानं असं खराट्यासारखं दिसतं वर्षभराने. कात्री स्पिरिटने पुसून घ्या. छाटल्यावर महिनाभरात प्रत्येक कापाखालून दोन फुटवे येतात, त्यांचे शेंडे जुलै-ऑगस्टमध्ये एकदा खुडा म्हणजे अजून फुटतील. जितके शेंडे तितके झुपके, हिशोब सोपाय. पण सप्टेंबरनंतर शेंड्याला हात लावायचा नाही, कळी तिथेच यायची असते.

छाटलेल्या फांद्या टाकू नका. तीन-चार इंचाची, फूल न लागलेली फांदी घ्या, खालची पानं काढून टाका, वर दोन जोड्या ठेवा आणि सावलीत वर्तमानपत्रावर दोन-तीन दिवस तशीच पडू द्या. लोकांना हे पटत नाही, गुलाबाची काडी आपण लगेच खोचतो ना. पण याची ओली जखम मातीत गेली की कुजते, कापलेली जागा सुकून तिच्यावर पापुद्रा धरला पाहिजे. मग ओलसर वाळूत किंवा अर्धी वाळू अर्ध्या कोकोपीटमध्ये खोचा, सावलीत ठेवा, पाणी अगदी बेताचं. दोन-तीन आठवड्यात हलकं ओढून बघा, अडलं तर मुळं धरलीत. मार्चमध्ये किंवा पावसाचा जोर कमी झाल्यावर हे काम सोपं जातं, मे महिन्यात काड्या वाळतात आणि जुलैत सडतात. नुसतं पान खोचलं तरी मुळं सुटतात पण त्यातून झाड व्हायला फार दिवस जातात, पानफुटीसारखी कडेला पिल्लं याला येत नाहीत, म्हणून फांदीच लावा. आमच्या बिल्डिंगमध्ये आता सहा घरात माझ्या एका केशरी झाडाची पोरं आहेत.

पावसाळा

थोडक्यात सांगायचं तर पावसात ठेवायचं नाही. दोन-चार सरी लागल्या तर काही होत नाही, पण आठवडाभराची झड लागली की खोड मातीजवळ काळं पडतं. पत्र्याखाली, पडवीत, खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर, कुठेही चालेल पण उजेड हवा. कोकणात आणि गोव्यात तर जून ते सप्टेंबर कुंडी जमिनीवरही ठेवू नका, दोन विटांवर ठेवा म्हणजे खालून हवा लागेल. आणि या दिवसात खत शून्य.

आता अंधार

दुसरं झाड मी टाकलं नाही. छाटलं, कुंडी बदलली, पावसात आत घेतलं, सगळं केलं. ऑक्टोबरपर्यंत असं काही गुटगुटीत झालं की विचारू नका, पानं तळहाताएवढी. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, जानेवारीत प्रदर्शन आलं, तिथे सगळे कलांचो पेटलेले आणि माझं नुसतं पालेभाजीसारखं हिरवंगार. मी ते फुलांसाठीचं ०:५२:३४ खत वगैरे पण घालून बघितलं. काही नाही.

आणि मग ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे, मी एक काडी लावून विसरले होते. त्याच झाडाची काडी, डब्यात लावलेली, खत नाही काही नाही, कधी आठवलं तर पाणी. कपडे वाळत घालताना आईला दिसली. "अगं हे बघ, याला कळ्या आल्यात." चार पानांचं झाड आणि वर करंगळीएवढा कळ्यांचा झुपका! आई म्हणाली दृष्ट लागते पुढच्या बाजूला. मला दोन दिवस काही कळलं नाही, मग एका रात्री पुढच्या गॅलरीत उभी असताना बघितलं की पार्किंगच्या खांबावरचा सोसायटीचा मोठा एलईडी दिवा सरळ आमच्या ग्रिलमध्ये येतो, इतका की मला कुंडीवरचं स्टिकर वाचता येत होतं. ड्राय बाल्कनीकडे मात्र डक्ट आहे, तिथे साडेसहानंतर काळाकुट्ट अंधार.

दृष्टच होती, फक्त दिव्याची.

कारण असंय की कलांचो रात्र मोजतो. शेवंती आणि ख्रिसमसला मिळतं ते लाल पानांचं पॉइनसेटिया, तेही यातलेच. रात्र पुरेशी लांब झाली, आणि तशा लांब रात्री सलग काही आठवडे मिळाल्या, तरच हा पानं काढायचं थांबवून कळ्या धरतो. दिवसा कितीही ऊन द्या, खत द्या, रात्र तुटली की त्याच्या हिशोबाने अजून उन्हाळाच चालू आहे. आणि रात्र तुटायला फार काही लागत नाही, मधेच थोडा वेळ लाइट लागला तरी त्या रात्रीचं त्याचं मोजणं परत पहिल्यापासून. पानात एक रंगद्रव्य असतं जे उजेडातला लाल भाग ओळखतं, आपल्या घरच्या पांढऱ्या-पिवळ्या सगळ्या दिव्यात तो लाल भाग असतो.

पुण्यात २१ जूनच्या आसपास दिवस जवळजवळ सव्वातेरा तासांचा असतो आणि २१ डिसेंबरच्या आसपास ११ तासांचा. सप्टेंबरच्या शेवटी दिवस-रात्र सारखे होतात आणि तिथून रात्र मोठी व्हायला लागते. म्हणजे आपल्याकडे कलांचोला काही न करता, नुसतं अंधाऱ्या जागी ठेवलं तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो आपोआप कळी धरतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो. निसर्ग काम करतोय, आपण फक्त मधे दिवा लावायचा नाही.

पण आता कॅलेंडर बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे काय असतं? दिवाळी. गॅलरीत आकाशकंदील, ग्रिलला चिनी माळा, आणि त्या काय चार दिवसात उतरतात होय, तुळशीचं लग्न होऊन त्रिपुरी पौर्णिमा जाईपर्यंत लुकलुकत असतात, काही घरात तर ख्रिसमसपर्यंत. आणि नेमकं त्याच ग्रिलमध्ये, नेमकं त्याच कंदिलाखाली, नेमक्या त्याच पंधरवड्यात कलांचो कळी धरायला बसलेला असतो. कितीतरी घरातल्या कलांचोला फुलं न येण्याचं कारण हेच असणार असं मला वाटतं.

म्हणून करायचं काय. रात्री तुमच्या गॅलरीत जाऊन उभे राहा, घरातले दिवे चालू असताना आणि बंद असताना दोन्ही वेळा. झाडाजवळ धरलेल्या वर्तमानपत्राचे मथळे दिसतात का? दिसत असतील तर जागा बदला. ड्राय बाल्कनी, जिन्याच्या वरची गच्ची, न वापरती खोली, काहीही. दिवसा मात्र उजेड हवाच, दिवसरात्र अंधारात कोंडू नका, हे पण लोकांनी केलेलं बघितलंय मी.

जागा नसेल तर खोका. झाडावर उपडा बसेल असा पुठ्ठ्याचा खोका घ्या, फटी चिकटपट्टीने बंद करा, आतून उजेड येतो का ते डोक्यावर घालून बघा (शेजारी बघत नाहीत ना ते आधी बघा). ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी साडेपाचला झाकायचं आणि सकाळी साडेसातला काढायचं, म्हणजे १४ तास अंधार. असं सहा आठवडे. एखाद दिवस चुकला तर आकाश कोसळत नाही, पण आठवड्यातून तीनदा चुकलं तर मेहनत पाण्यात. नोकरी करणाऱ्यांना साडेपाचची वेळ जमणार नाही, त्यांनी सहाला-साडेसहाला झाकून सकाळी आठला-साडेआठला काढावं, तास मोजा फक्त. शेंड्याला मधोमध पोपटी रंगाची मोहरीच्या दाण्यांसारखी गुठळी दिसायला लागली की कळ्या धरल्या, अजून आठवडाभर झाका आणि मग खोका फेकून द्या, आता दिवा लागला तरी चालेल. तिथून पुढे चार ते सहा आठवड्यांनी फुलं. खोका ऑक्टोबरमध्ये सुरू केलात तर नाताळच्या आसपास रंग दिसतो.

रात्री फार गरम असतील तर कळ्या रेंगाळतात, त्यामुळे ऑक्टोबर हीट लांबली किंवा तुम्ही कोकणपट्टीत असाल तर दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होणार, धीर धरा.

परदेशातल्यांसाठी एक. माझी चुलत बहीण मेलबर्नला असते, तिला मी हे सगळं फोनवर सांगितलं, तिने इमानदारीत ऑक्टोबरमध्ये खोका लावला, वैतागून तीन आठवड्यात सोडून दिला. चूक माझी. तिकडे ऑक्टोबरमध्ये दिवस मोठे होत जातात, लांब रात्री मे-जून-जुलैमध्ये असतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडवाल्यांनी मे मध्ये घरातल्या दिव्यापासून लांब ठेवावं, खोकाही लागणार नाही, फक्त दहिवर गोठायची थंडी असेल तर झाड आत घ्या, बर्फाची थंडी याला अजिबात सोसत नाही. अमेरिका, युरोपवाल्यांचे महिने आपलेच, पण हिवाळ्यात झाड आत आलं की हॉलचे दिवे रात्री अकरापर्यंत चालू, म्हणजे परत तीच बोंब.

अजून एक बारकी गंमत, फुलं आली की रात्री बघा आणि सकाळी बघा. साध्या चार पाकळ्यांच्या जातीत फुलं संध्याकाळी थोडी मिटतात आणि सकाळी परत उघडतात. मला आधी वाटलं सुकतायत.

खत आणि किडे

खताचं फार डोक्यात घेऊ नका. छाटणीनंतर एक मूठ गांडूळखत, फुटवे वाढत असताना महिन्यातून एकदा १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, आणि सप्टेंबर अखेरीपासून कळ्या दिसेपर्यंत पंधरा दिवसातून एकदा ०:५२:३४ लिटरला एक ग्रॅम. हे द्राक्षवाले वापरतात तेच, कृषी सेवा केंद्रात मिळतं, किलोचं पाकीट घ्यावं लागलं तर चौघांत वाटून घ्या. शेणखत, युरिया, स्वयंपाकघरातलं पाणी असलं काही घालू नका, नत्र जास्त झालं की माझ्या झाडासारखी पालेभाजी होते.

किड्यांमध्ये मुख्य शत्रू मिलीबग. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की पानांच्या बेचक्या तपासा, मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठीच येतात. थोडे असतील तर कानातल्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक पुसा, आठवड्याने परत, कारण अंडी राहतात. जास्त असतील तर कडुनिंबाचं तेल ५ मिली, दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड, एक लिटर पाणी, संध्याकाळी फवारा. पण आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा, या झाडाची पानं तेलकट औषधांना हळवी असतात, डाग पडतात. शेतीची जालीम औषधं तर नकोच. कोवळ्या कळ्यांवर मावा येतो, तो बोटाने पुसला तरी जातो. थंडीत पानावर पिठासारखी भुरी दिसली तर ती पानं काढा आणि झाडं एकमेकांपासून लांब ठेवा, हवा खेळली पाहिजे.

खोड मातीजवळ काळं, मऊ पडलं तर ते झाड वाचवायच्या भानगडीत पडू नका, वरचा निरोगी भाग कापा. कापलेल्या जागी मधे तपकिरी ठिपका दिसतोय तोपर्यंत अजून वर वर कापत जा, पूर्ण स्वच्छ हिरवट पांढरं दिसलं की थांबा, आणि वर सांगितलं तशी ती काडी सुकवून लावा. जुनी माती परत वापरायची नाही.

मांजर असेल तर आणि पानफुटीचं काय

हे झाड खायचं नाही. कोणीच. यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, मांजर, कुत्रा, शेळी, गाय यांनी खाल्लं तर उलट्या, जुलाब आणि जास्त खाल्लं तर हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत जातं. घरात पानं चावणारं मांजर असेल तर कुंडी टांगा किंवा हे झाड आणूच नका, आणि खाल्लं असं वाटलं तर वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरकडे. गावाकडे अंगणात लावणार असाल तर शेळीच्या दाव्याच्या लांबीबाहेर.

आणि आता ती चुलत बहीण. आपल्याकडे मुतखड्यावर पानफुटीची पानं चावून खायचा घरगुती उपाय बरेच जण करतात. आमच्या मजल्यावरचे एक काका माझ्या कुंडीजवळ येऊन पान तोडायला हात लांबवत होते, "पानफुटीच ना ही, रोज सकाळी दोन खातो." मी अक्षरशः ओरडले. दिसायला लांबून सारखीच वाटतात, जाड हिरवी, कडेला कातरलेली. पानफुटी स्वतःसुद्धा त्याच कुटुंबातली, तशीच द्रव्यं असलेली, त्यामुळे तीही डॉक्टरला न विचारता रोज खाण्यासारखी गोष्ट नाहीच, पण निदान कलांचोच्या कुंडीवर तरी नावाची पट्टी लावा. मी काळ्या मार्करने लिहून ठेवलंय, "शोभेचं आहे, खाऊ नये". काकांनी वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी काडी मागून नेली, लावायला.